पत्र्याखालून कौलांखाली

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, तेव्हा मी ठाण्यात होते आणि सासूबाई व धाकटे भावोजी दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीवर. लॉकडाऊनमुळे गावाला जाता येत नव्हतं. खांब, तारा सगळं आडवं झालेलं, त्यामुळे पाच दिवस फोनही लागला नाही. लागला तेव्हा आई म्हणाल्या, "माणसं हायत, छप्पर नाय."

घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं. जांभ्याच्या भिंती, किंजळीचे वासे, वर मंगलोरी कौलं. कौलं उडाली आणि मागच्या पडवीवर माड पडला. पाऊस दारात उभा आणि अख्ख्या तालुक्याला एकाच आठवड्यात कौलं हवी होती. ती कुठून मिळणार? भावोजींनी मिळतील तिथून पत्रे आणले आणि घर झाकलं. त्या वेळी तेच बरोबर होतं. त्यांनी ते केलं म्हणून आई कोरड्यात राहिल्या, हे आधीच सांगते.

पत्र्याखालचा पावसाळा मी पहिल्यांदा अनुभवला तो २०२१च्या जुलैत. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. सर आली की घरात आवाजाशिवाय काही उरायचंच नाही. शेजारी बसलेल्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागायचं. आई ऐंशीच्या पुढच्या, ऐकू आधीच कमी. दुपारी सर लागली की त्या बोलणंच थांबवायच्या. चहा हवा असला की हाताची मूठ पेल्यासारखी धरून दाखवायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "पावसात आमी खुणाच करतो." इतकं सहज म्हणाल्या की मला रात्री झोप लागली नाही. ज्या बाईनं या घरात साठ वर्षं ओव्या म्हटल्या, तिला वर्षातले चार महिने तिच्याच घरात मुकं राहावं लागत होतं. घर पुन्हा बांधायचं आणि ते या आवाजासाठी बांधायचं, हे तेव्हाच मनात पक्कं झालं.

पुढच्या वर्षी मागची भिंत पोटातून फुगली आणि ऑगस्टमध्ये बसली. मग गणपतीत सगळे जमले असताना घराचा विषय निघाला. बहुतेकांचं मत होतं की एकदाच काय ते पक्कं करा: स्लॅब, वर मजला, प्रत्येक भावाला एकेक खोली, समोर पेव्हर ब्लॉक, भोवती कंपाउंड. जेसीबी लावला की उतार अर्ध्या दिवसात सपाट. मी त्यांना एकच प्रश्न विचारला, वर्षाचे ३६५ दिवस इथे राहणार कोण? आई आणि भावोजी. आम्ही दोघं अधूनमधून. गणपती आणि शिमग्याला दहा-बारा माणसं, पण ती सगळी झोपतात पडवीत, कारण वारा तिथेच असतो. मग कुलपं लावून ठेवायला खोल्या बांधायच्या कशासाठी? बोलणी तीन दिवस चालली, थोडी कडूही झाली. शेवटी ठरलं की ५४० चौरस फुटांचं घर बांधायचं, ३० फूट लांब आणि १८ फूट रुंद. पडवी मात्र मोठी.

बांधायला सुरुवात करण्याआधी मी एक पूर्ण वर्ष मागून घेतलं. ते वाया जातंय असं सगळ्यांना वाटलं, पण माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं सर्वात मोलाचं काम त्या वर्षात झालं. पावसाळ्यात जाऊन छत्री घेऊन मी उतारावर उभी राहायचे आणि पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे क्षणभर थांबतं ते बघून बांबूच्या खुंट्या ठोकायचे. वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, उतरणारं पाणी तीन वाटांनी आमच्या जागेत शिरतं आणि खालच्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, मिळतं. मधली वाट बरोबर त्या जागेवरून जात होती जिथे जेसीबीनं सपाटी करायची असं ठरत होतं. ती केली असती तर पाणी भिंतीवर धडकलं असतं, मग त्यासाठी गटार, गटाराला काँक्रीट, आणि खाली पऱ्यात एकदम धबधबा. मे महिन्यात पश्चिमेचं ऊन कुठवर येतं, संध्याकाळचा वारा कुठल्या फटीतून शिरतो, हेही बघितलं. फणस, दोन आंबे आणि एक जुनी बकुळ यांना हात लावायचा नाही हे तर आधीच ठरलेलं होतं.

लॉरी बेकर यांच्याबद्दल मी कॉलेजात असल्यापासून वाचत आले होते. इंग्लंडातून येऊन तिरुवनंतपुरमला स्थायिक झालेल्या या वास्तुविशारदाला गांधीजींनी सांगितलं होतं की चांगलं घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून उभं राहतं. मी नकाशावर वाडीभोवती आठ किलोमीटरचं वर्तुळ काढलं. आत काय काय आलं? जांभ्याचे चिरे काढायच्या दोन खाणी, भाताच्या खाचरातली चिकणमाती, बांबू, आमच्या पडलेल्या घराचे चिरे आणि वासे, आणि स्लॅब टाकण्यासाठी घरं उतरवणाऱ्या माणसांची कौलं. चुना, वाळू आणि लोखंड बाहेरून आलं. न्हाणी, संडास, पाण्याची टाकी इथे सिमेंट वापरलं. दारं-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना बांधणारा लोखंडी सळ्यांचा पट्टा इंजिनिअरच्या सल्ल्यानं घातला आणि छपराचं लाकूड त्या पट्ट्यालाच बोल्टांनी जखडलं. निसर्ग वादळानं शिकवलेला धडा विसरून चालणार नव्हतं.

आता चिऱ्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आमची पहिली ठेच तिथेच लागली. जांभा जमिनीखाली असतो तेव्हा मऊ असतो, करवतीनं कापता येतो, आणि उघड्यावर हवा लागली की कडक होत जातो. फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात हे पाहूनच १८०७च्या आपल्या पुस्तकात त्याला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून लॅटराइट हे नाव दिलं. पण मातकट थरातला चिरा कडक होतच नाही. एका पुरवठादाराकडून आलेल्या पहिल्या दोन गाड्या तशाच निघाल्या. मला ते कळलं नसतं. लाल रंग, सरळ कडा, दिसायला देखणे चिरे. गवंडीकाका आले, एक चिरा पायाशी आडवा केला आणि हातोडीच्या दांड्यानं ठोकला. मग जुन्या घराच्या ढिगातला एक ठोकला.

"वैनी, डोळे मिटा नि ऐका."

मी मिटले. जुना चिरा खणखणला, अगदी धातूसारखा नाही, पण टणक, छोटा आवाज. नवा बद्द वाजला, ओल्या लाकडासारखा. त्यांनी पाच-सहा वेळा जागा बदलून ठोकलं आणि दर वेळी मी बरोबर ओळखलं. मग ते म्हणाले, "आता रातभर पाण्यात टाका." सकाळी नव्या चिऱ्याच्या कडा बोटानं सुटत होत्या आणि बादलीच्या तळाशी पिवळट गाळ बसला होता. दोन्ही गाड्या परत पाठवल्या. महिना गेला, भांडण झालं, आगाऊ दिलेल्या पैशांतले काही बुडाले. त्यानंतर आलेला प्रत्येक चिरा मी ठोकून घेतला. १४ इंच लांब, ९ इंच रुंद, तीसेक किलोचा एक. शेवटी शेवटी तर गाडीतून उतरवतानाच्या आवाजावरून कळायचं.

उतार आम्ही सपाट केला नाही. घरच दोन पातळ्यांवर बांधलं: ओटी आणि माजघर वर, तीन पायऱ्या उतरून स्वयंपाकघर. पाया हातानं खणला. अडीच फुटांवर कातळ लागला, त्यामुळे खोल जावंच लागलं नाही. पाण्याची मधली वाट घराला वळसा घालून तशीच राहिली. पश्चिमेची भिंत चिरा आडवा टाकून १४ इंच जाड केली, बाकीच्या ९ इंची. त्या जाड भिंतीतल्या खिडकीचा कट्टा इतका रुंद झाला की आईंची दुपारची जागा तीच झाली. खिडक्या खाली घेतल्या, जमिनीवर बसलेल्या माणसाला बाहेरचं दिसेल अशा. लहान घरात कपाटं ठेवली की चालायला जागा राहत नाही, म्हणून भिंतीतच कोनाडे आणि देवळ्या सोडल्या. घडीचा बिछाना, समया, आईंची पोथी, औषधं, सगळं भिंतीच्या पोटात. माजघराच्या वर माळा. फणसाच्या लाकडाची जुनी दारं रंधा मारून परत बसवली.

चुन्याबाबत घाई माझी नडली. कळीचा चुना खड्ड्यात विरवला तेव्हा पाण्याला उकळी फुटून वाफ उठली. ते बघायला वाडीतली सगळी पोरं जमली होती. तीन आठवडे तो पाण्याखाली मुरू दिला, मग वाळू आणि विटांची सुरखी, म्हणजे भुकटी, घालून मळला. हवेत ओल असताना चुना लवकर आवळत नाही, सुरखीमुळे तो ओलीतही धरतो. भिंती त्यातच रचल्या. बाहेरून गिलावा करायचाच नव्हता, फक्त सांधे भरायचे होते. काका म्हणत होते, दिवाळीनंतर भरू. मला पावसाआधी घर पूर्ण हवं होतं, म्हणून मी मेच्या शेवटी पश्चिमेचे सांधे भरून घेतले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिरपा पाऊस आला आणि अर्धा अर्धा इंच चुना धुऊन गेला. सकाळी भिंतीखाली पांढरे ओघळ. मी बराच वेळ तिथे बसून राहिले. आई बाहेर आल्या, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "झड लावली असतीस तर?" नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप पावसाळ्यात पश्चिमेला उभे करायचे, ही त्यांच्या माहेरची, सासरची, सगळ्यांचीच रीत. पत्रे आणि प्लॅस्टिकचे कागद आल्यापासून ती मागे पडली होती. आम्ही त्याच दिवशी झाप विणायला घेतले. सांधे पुन्हा भरले ते डिसेंबरात, आणि आता दर पावसाळ्यात झड लागते.

छप्पर म्हणजे या घराचा जीव. उतार तीस अंशांच्या आसपास आणि पाखं चारी बाजूंनी भिंतीच्या तीन फूट पुढे. त्यामुळे छपराला लागली साधारण १,४०० कौलं. सगळी जुनी, पाच-सहा घरांतून गोळा केलेली, पाठीवर वेगवेगळ्या कारखान्यांचे छाप. मंगळूरला बासेल मिशननं १८६५मध्ये कारखाना काढला तिथून ही कौलं कोकणभर पसरली. मला मिळाली ती लोकांनी घरं उतरवताना टाकून दिलेली. दोन संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी बसून एकेक कौल ठोकून, ऐकून वेगळं केलं. तडा गेलेलं कौल फुटक्या मडक्यासारखं वाजतं. खालून सिलिंगची सपाट कौलं घातली. दोन थरांच्या मध्ये हवा राहते, ती उन्हाला अडवते आणि आवाजालाही. कडेच्या दोन ओळी आणि आढ्याजवळच्या ओळी तांब्याच्या तारेनं रिपांना बांधल्या, आढ्यावरचे कोने चुन्यात बसवले.

पण आवाज फक्त छपरावर होत नाही, हे मला बांधताना कळलं. पागोळ्या जिथे पडतात तिथेही होतो. शेजारच्या बंगल्याच्या अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत. तिथे पाऊस पडतो तेव्हा टाळ्यांचा कडकडाट व्हावा तसं वाटतं, आणि पाणी उसळून भिंतीला चिखलाचा हातभर पट्टा येतो. आम्ही पागोळ्यांच्या बरोबर खाली फूटभर रुंद, दीड फूट खोल चर खणला आणि चिरे घडताना उडालेले कपचे त्यात भरले. पाणी पडतं आणि आत मुरतं. उरलेलं केळींकडे जातं, तिथून अळवाच्या खाचेत आणि मग सावकाश पऱ्याकडे. हिशोब साधा आहे: छपराची आडवी जागा ८० चौरस मीटर, पाऊस तीन मीटर, म्हणजे एका पावसाळ्यात २ लाख ४० हजार लिटर पाणी या एका छपरावरून उतरतं. ते दणकन एका जागी सोडायचं की थोडं थोडं जमिनीला द्यायचं, एवढाच प्रश्न होता. न्हाणीचं पाणीही केळी-कर्दळीलाच.

अंगणाला आम्ही माती ठेवली. दिवाळीनंतर धुमसानं ठोकायची, चोपण्यानं चोपायची, शेणानं सारवायची. कष्टाचं काम आहे, आणि भावोजींच्या मदतीशिवाय होत नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. रस्त्यापासून दारापर्यंत जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट. कंपाउंडऐवजी उरलेल्या चिऱ्यांचा कोरडा रचलेला गडगा, त्याच्या फटींतून पाणी जातं, सरडे जातात, मुंगूस जातं. फाटकाच्या जागी बेडं, म्हणजे आडवे सरकते बांबू. लॉनचा आग्रह करणाऱ्यांना मी सड्यावर घेऊन गेले. जूनमध्ये तिथे दिपकाडी फुलते, ऑगस्ट-सप्टेंबरात गेंद, सीतेची आसवं, कवला, तेरडा. आमच्या जागेच्या वरच्या भागात तोच सडा आहे, त्याच्यावर माती टाकून हिरवळ लावणं मला पापच वाटतं. गवत आम्ही बी पडल्यावर, नोव्हेंबरात, विळ्यानं एकदाच कापतो. पेट्रोलवरचं गवत कापायचं यंत्र आता वाडीवाडीत आलंय. त्याच्या आवाजानं सप्टेंबरातली अख्खी सकाळ नासते, आणि ऐन फुलात आलेलं गवत जातं ते वेगळंच.

दिव्यांचं सुरुवातीला माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बांधकामाच्या वेळी चोरी नको म्हणून फणसावर मोठा पांढरा एलईडी लावला होता. घर झाल्यावरही तो राहिला. मग मे अखेरीस एका रात्री लाइट गेली आणि भावोजींनी हाक मारली. पऱ्याकडेच्या झाडांवर काजवे होते, एका लयीत पेटणारे, विझणारे. आधीही असतील. आम्हाला त्या दिव्यानं दिसत नव्हते, आणि काजवे एकमेकांना खुणावतात ते उजेडानंच, म्हणजे त्यांनाही एकमेकांचं दिसत नसणार. दुसऱ्या दिवशी एलईडी उतरवला. आता पाख्याखाली एक पिवळा बल्ब आहे, खाली तोंड केलेला, जेवणं झाली की बंद. पंखे कमी विजेचे घेतले. साध्या पंख्याला ७०-७५ वॅट लागतात, याला तीसेक, आणि तो फिरतोय हे कानाला कळतही नाही.

खर्च तेवढ्याच मापाच्या स्लॅबच्या घराइतकाच आला, हे सांगायला हवं, कारण मातीचं, चुन्याचं घर फुकटात होतं असा समज आहे. पैसा वाचला तो घर लहान ठेवल्यामुळे. बाकी फरक असा की सिमेंट-लोखंडाला जाणारी रक्कम गवंडीकाका, सुतारमामा आणि त्यांच्या हाताखालच्या सहा जणांच्या घरी गेली. काम १४ महिने चाललं.

माकडांचा त्रास मात्र खरा आहे. कोकणात पुष्कळ लोकांनी कौलं काढून पत्रे घातले ते माकडांमुळे, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. आंब्याची छपरावर येणारी एक फांदी आम्हाला तोडावी लागली. गोठ्याच्या मागे दीडशे जादा कौलं रचून ठेवली आहेत आणि दर मे महिन्यात सुतारमामा वर चढून परतणी करतात, म्हणजे फुटकी कौलं बदलून बाकीची नीट बसवतात.

पहिल्या पावसाळ्यात, जुलैच्या एका दुपारी आई खिडकीच्या कट्ट्यावर वाती वळत बसल्या होत्या. मी स्वयंपाकघरात, तीन पायऱ्या खाली. बाहेर सर चांगलीच लागली होती, कौलांवर एकसारखा, खोल, घोंगडीखालून यावा तसा आवाज. आईंनी तिथूनच विचारलं, "चहा ठेवलास काय?" मी हातातलं काम थांबवलं. त्यांनी पुन्हा विचारलं, थोड्या चिडून. मी "हो" म्हटलं आणि ते त्यांना ऐकू गेलं.

या मे महिन्यात परतणीला ३७ कौलं बदलली. झाप विणून झालेत, पश्चिमेला उभे करायचे बाकी आहेत.